छातीवर कुणाचं नाव?

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, की स्पेनमधल्या बार्सेलोना फुटबॉल क्लबच्या शर्टावर उभे पट्टे नसले तरी तो बार्सेलोनाचाच शर्ट असतो. एवढ्याशा वाक्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. कुणी रागावलंय, कुणी शंका काढलीय, एका बहाद्दरानं तर ‘तुम्ही दुकानदार, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं’ असंही विचारलंय. कळतं तितकं सांगते. नागपूरच्या महाल भागात माझं जर्सी छापायचं दुकान आहे. वडील रेल्वेच्या संघात खेळायचे आणि कामठीला सामना असला की मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. बाकीचं वाचून, पाहून आणि गिऱ्हाइकांशी वाद घालून शिकले. म्हणून हा अख्खा अंक बार्साच्या, म्हणजे बार्सेलोना क्लबच्या, पत्रांना.

प्रश्न : काकू, माझं वय सत्तरीच्या पुढे. आमच्या डोळ्यांपुढचा बार्सा म्हणजे निळे-लाल उभे पट्टे. 2024-25 मध्ये अर्धा शर्ट निळा, अर्धा लाल. हे असं काहून? कंपनीनं माल खपवायसाठी केलेलं नाटक नाही का हे?
– एक निवृत्त शिक्षक, कामठी

उत्तर : सर, माल खपवायचा असतोच, त्याशिवाय कंपनी शिलाई मशीनला हात लावत नाही. पण या एका बाबतीत ती निर्दोष आहे. अर्धा-अर्धा शर्ट हाच मुळातला शर्ट आहे, पट्टे नंतर आले.

1899 च्या ऑक्टोबरात हान्स गॅम्पर या स्विस तरुणानं बार्सेलोनातल्या ‘लोस देपोर्तेस’ या नियतकालिकात छोटीशी जाहिरात दिली : फुटबॉलचा संघ काढायचाय, कुणी येता का? 29 नोव्हेंबरला सोले व्यायामशाळेत काही स्विस, काही इंग्रज आणि काही कॅटलन, म्हणजे बार्सेलोना ज्यात येतं त्या कॅटलोनिया प्रांतातली, मंडळी जमली आणि क्लब निघाला. वॉल्टर वाइल्ड पहिले अध्यक्ष झाले. गॅम्परनं पुढे आपलं नाव कॅटलन पद्धतीनं जोआन करून घेतलं. त्या पहिल्या मंडळींचा शर्ट मधोमध दुभागलेला होता, एक बाजू निळी आणि दुसरी गर्द लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखी. चड्डी पांढरी. उभे पट्टे आले ते 1910 नंतरच्या काळात. चड्डी मधल्या काळात काळी झाली, मग निळी.

शिवणारीच्या नजरेनं पाहिलं तर यात नवल काही नाही. दोन ठाण घ्या, मधोमध शिवण मारा, शर्ट तयार. पट्ट्यांना एक तर तसं कापड विणून घ्यावं लागतं, नाही तर चिंध्या जोडत बसावं लागतं. आता सब्लिमेशनमध्ये कागदावर छापलेलं काहीही हीट प्रेसखाली कापडात उतरतं, म्हणून पट्टे, चौकडी, ढग, वाघ सगळं सारख्याच कष्टात निघतं. तेव्हा तसं नव्हतं.

हेच दोन रंग का, यावर तिघांची तीन मतं. गॅम्पर आधी बासेलच्या क्लबकडून खेळला होता आणि त्या क्लबचे रंगही लाल-निळेच, म्हणून तिथून आले असं एक म्हणणं. विटी नावाचे दोन इंग्रज भाऊ सुरुवातीच्या संघात होते, ते लिव्हरपूलजवळच्या मर्चंट टेलर्स शाळेचे, तिथले रंग असेच, हे दुसरं. तिसरी गोष्ट अशी, की रंग काय ठेवायचे यावर चर्चा चालली असताना कुणाच्या तरी हातात हिशोबाची दुतोंडी पेन्सिल होती, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. पुरावा कशालाच पक्का नाही. मला आपली पेन्सिल आवडते. गांधीबागेतल्या जुन्या पेढ्यांवर मुनीमजींच्या कानामागे ती मी लहानपणी पाहिलेली आहे.

आता 2024-25 बद्दल. क्लबला 125 वर्षं झाली म्हणून तो अर्धा-अर्धा शर्ट काढला. त्याआधी शंभरीच्या वेळी 1999-2000 मध्ये काढला होता, आणि मध्ये 2008-09 मध्येही. 2008-09 चा तर तुम्ही विसरूच शकत नाही सर. ग्वार्दिओलाचं प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष, कट्टर वैरी रिअल माद्रिदच्या मैदानावर 6-2, रोममध्ये मँचेस्टर युनायटेडला 2-0, स्पेनची लीग, कोपा ही तिथली करंडक स्पर्धा आणि युरोपची चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा एका हंगामात. 2024-25 मध्ये रिअल माद्रिदशी चार सामने झाले, चारही बार्सानं घेतले. 1999-2000 मात्र कोरडं गेलं, तेव्हा शर्टाच्या अंगात येतं असं काही माझं म्हणणं नाही.

तुमच्या रागाला खरी जागा 2015-16 ची. त्या वर्षी क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा पट्टे आडवे झाले. माझ्या दुकानात त्यावर हाणामारी व्हायची बाकी होती. पण त्या आडव्या पट्ट्यांत लुईस सुआरेझनं लीगमध्ये 40 गोल केले आणि लीग, कोपा दोन्ही आले. 2019-20 ची चौकडी मात्र मलाही पाहवली नाही. तो क्रोएशियाचा शर्ट वाटायचा. त्या हंगामात एकही करंडक नाही, वर जर्मनीच्या बायर्नकडून 8-2 असा मार.

प्रश्न : काकू, बार्साच्या शर्टावर शंभर वर्षं जाहिरात नव्हती म्हणतात ते खरं का? मग आता गाण्याच्या ॲपचं नाव छातीवर कसं? तत्त्व सोडलं म्हणायचं का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : खरं आहे, आणि शंभर नव्हे, 107 वर्षं. 1899 पासून 2006 पर्यंत छाती कोरी. कुबाला, क्रुईफ, मॅराडोना, रोमारिओ, ब्राझीलचा रोनाल्डो, रिव्हाल्डो, ही सगळी मंडळी कोऱ्या छातीनं खेळली. 1982 पासून बार्सेलोनातल्याच मेय्बा कंपनीनं शर्ट पुरवले, मग 1992 पासून काप्पानं आणि 1998 पासून नायकेनं. तेव्हा शिवणाऱ्याची खूण दिसायची, क्लबचं चिन्ह दिसायचं, आणखी काही नाही.

हे मला का इतकं लागतं ते सांगते. आमच्या धंद्यात मार्च-एप्रिलमध्ये गल्लोगल्लीच्या स्पर्धांच्या ऑर्डरी येतात. संघाचं नाव विचारलं तर पोरं एकमेकांकडं बघतात, ‘ते लहानच टाका काकू’ म्हणतात. पैसे देणाऱ्याचं नाव मात्र छातीभर हवं, पाठीवर नेत्याचा फोटो हवा, बाहीवर मंगल कार्यालय, आणि चड्डीवर जागा उरली असेल तर मोबाइलचं दुकान. एका संघाच्या शर्टावर मी संघाचं नाव शोधायला लागले तर ते कॉलरच्या आत सापडलं! मी छापते, पैसे घेते, तक्रार नाही. पण एवढा मोठा क्लब एवढी वर्षं नाही म्हणू शकला, तर कशाच्या जोरावर?

जोर सभासदांचा. बार्सा कुणा शेठची कंपनी नाही. क्लबचे मालक आहेत ते सभासद, दीड लाखाच्या आसपास. तेच अध्यक्ष निवडून देतात. स्पेनमध्ये 1990 च्या क्रीडा कायद्यानं बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, त्यातून सुटले ते चारच : बार्सेलोना, रिअल माद्रिद, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. माद्रिदवाल्यांनी सभासदांचा क्लब असूनही जाहिरात कधीच घेतली होती, तेव्हा नुसत्या सभासदांनी शर्ट वाचत नाही हेही खरं. पण सभासद अडून बसू शकतात. 2018 मध्ये व्यवस्थापनानं चिन्हातून ‘एफसीबी’ ही अक्षरं काढून नवं, गुळगुळीत चिन्ह आणलं. सभासदांनी एवढा ओरडा केला की प्रस्ताव मताला न टाकताच मागे घ्यावा लागला. आपल्याकडं एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे झालं असतं तर मला जास्त आनंद झाला असता, ते असो.

2006 मध्ये छातीवर पहिलं नाव आलं ते युनिसेफचं. त्यात गंमत अशी, की त्या नावाचे पैसे क्लबनं घेतले नाहीत, उलट दिले. वर्षाला 15 लाख युरो. जगात कुणी जाहिरात अशी लावत नसतं. मोठं मन होतं यात वाद नाही. पण माझ्यातला दुकानदार म्हणतो की त्या दिवशी छातीवर अक्षरं दिसायची लोकांना सवय लागली. डिसेंबर 2010 मध्ये कतार फाउंडेशनशी करार झाला, वर्षाला तीन कोटी युरोच्या आसपास, आणि 2011-12 पासून युनिसेफ पाठीवर खाली गेलं. क्लबचा जुना डच खेळाडू आणि प्रशिक्षक योहान क्रुईफनं जाहीर नापसंती सांगितली, म्हातारा गप्प बसणारा नव्हताच. दोन वर्षांत फाउंडेशनच्या जागी त्याच देशाची विमान कंपनी. 2017 पासून जपानचं राकुतेन. 2022 पासून स्पॉटिफाय, तू म्हणतोस ते गाण्याचं ॲप, तेही मैदानाच्या नावासकट. पाठीवर युनिसेफच्या जागी निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर आली, ती मला पटली. का, ते पुढच्या पत्रात कळेल.

स्पॉटिफायवाले रिअल माद्रिदविरुद्धच्या काही सामन्यांत आपलं नाव काढून गायकांची चिन्हं लावतात. ड्रेकचं घुबड झालं, रोसालिया झाली, रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ झाली. जीभवाला शर्ट मागायला माझ्याकडं जी पोरं आली, त्यांतल्या एकालाही स्टोन्सचं गाणं गुणगुणता येईना.

तत्त्व सोडलं का, म्हणून विचारतोस. सोडलं. पण कुठल्या परिस्थितीत, तेही बघ. 2021 मध्ये क्लबवर एक अब्ज युरोच्या वर देणं होतं. लीगच्या पगारमर्यादेत बसेना म्हणून मेस्सीसारखा माणूस हातातून गेला. घर गहाण पडल्यावर दारावर कुणाची पाटी लागते याची चौकशी कुणी करत नाही.

प्रश्न : मेस्सी सोडून बार्साचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? क्रुईफ असं उत्तर देऊ नका, ते सगळेच देतात.
– बँक कर्मचारी, प्रतापनगर

उत्तर : बरं, नाही देत. लास्लो कुबाला.

तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. थांबा थोडं. कुबाला 1927 चा, बुडापेस्टचा. 1949 मध्ये हंगेरीतल्या नव्या राजवटीला कंटाळून ट्रकमध्ये लपून सीमेपार पळाला. हंगेरीच्या फेडरेशननं बंदी घातली. मग त्यानं आणि त्याच्यासारख्याच देश सोडून आलेल्या खेळाडूंनी ‘हंगारिया’ नावाचा संघ जमवला आणि जिथं कुणी बोलवेल तिथं खेळत फिरले. 1950 मध्ये ते स्पेनमध्ये आले. बार्साचा जुना खेळाडू जोसेप सामितियेर तेव्हा क्लबसाठी माणसं हेरायचा, त्यानं कुबालाला उचललं. देश सोडून पळालेला निर्वासित, म्हणून मी वर म्हटलं, की पाठीवर निर्वासितांच्या संस्थेचं नाव आलं ते मला पटलं.

1951-52 मध्ये बार्सानं एकाच हंगामात पाच करंडक जिंकले. त्याच वर्षी लीगमधल्या एका सामन्यात स्पोर्टिंग खिखोनविरुद्ध कुबालानं एकट्यानं सात गोल केले. 9-0 चा सामना, त्यात सात याचे. पुढे क्षयानं गाठलं. संपला म्हणाले लोक. परत येऊन खेळला. समोरच्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळवून मारलेली फ्री किक स्पेननं त्याच्या पायातून पाहिली. तो चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्पेन अशा तीन देशांकडून खेळला. ‘लेस कोर्त्स’ हे जुनं मैदान त्याच्यामुळं पुरेनासं झालं आणि म्हणून 1957 मध्ये ‘कॅम्प नोउ’ बांधावं लागलं, असं बार्सेलोनात अजून सांगतात. सगळं श्रेय एकट्याला देणं जास्तीचं आहे, पण मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे तो काही उगाच नाही.

शर्टाकडं परत येते, कारण माझं मन तिथंच असतं. कुबालाच्या छातीवरच्या चिन्हात काय होतं ठाऊक आहे? 1910 मध्ये क्लबनं चिन्हासाठी स्पर्धा घेतली होती आणि ती क्लबचाच खेळाडू कार्लेस कोमामाला यानं जिंकली. वरच्या एका कप्प्यात सेंट जॉर्जचा क्रूस, शेजारी कॅटलोनियाच्या लाल पट्ट्या, खाली क्लबचे रंग. स्पेनच्या यादवी युद्धात 1936 मध्ये क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना, पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. युद्ध फ्रँकोनं जिंकल्यावर चिन्हातल्या कॅटलन पट्ट्या कमी करून दोनच ठेवायला लावल्या, आणि क्लबचं नाव स्पॅनिश वळणाचं ‘क्लुब दे फुटबोल बार्सेलोना’ केलं. पट्ट्या 1949 मध्ये परत आल्या. अक्षरं मात्र 1970 च्या दशकापर्यंत सीएफबीच राहिली. म्हणजे कुबाला पूर्ण वेळ ज्या नावाच्या शर्टात खेळला ते नाव क्लबला कुणीतरी वरून चिकटवलेलं होतं, आणि मैदानात येणाऱ्या माणसाला ते माहीत होतं. एवढ्याशा चिन्हासाठी राज्यकर्ते भांडतात याचा अर्थ लोक ते बघत असतात.

आणखी एक नाव घेते, कारण ते आपल्याकडं कुणी घेत नाही. पावलिनो अल्कांतारा. जन्म 1896 चा, फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. आई तिथलीच, वडील स्पॅनिश लष्करातले. 1912 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी तो बार्साकडून पहिला सामना खेळला आणि त्यात तीन गोल केले. कमरेला पांढरा रुमाल खोचून खेळायचा. मैत्रीपूर्ण सामने धरून त्याच्या नावावर 369 गोल मोजतात, आणि तो आकडा ओलांडायला मेस्सीला 2014 चा मार्च उजाडला. फ्रान्सविरुद्धच्या एका सामन्यात त्याच्या फटक्यानं जाळी फाटली होती असं सांगतात. मध्येच वैद्यकीय शिक्षणही केलं आणि खेळ थांबल्यावर डॉक्टरी केली. आशियात जन्मलेला पोरगा शंभर वर्षांपूर्वी या क्लबचा सर्वांत जास्त गोल करणारा होता, हे मोहननगरच्या मैदानावरच्या पोरांना मी आवर्जून सांगते. ती ‘हो काकू’ म्हणतात आणि यमालचा शर्ट मागतात.

प्रश्न : यमालचा नंबर आधी 41, मग 27, मग 19, आता 10. हे काय चाललंय? लकी नंबर शोधतोय का?
– दहावीतला विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर : नाही रे बाळा, नियम आहे. 1995-96 पासून स्पॅनिश लीगमध्ये प्रत्येकाला हंगामभर एकच नंबर, आणि मुख्य संघाला फक्त 1 ते 25. अकादमीतून वर आलेल्या पोरांना 25 च्या पुढचा नंबर मिळतो. लामिन यमाल 2023 च्या एप्रिलमध्ये बेतिसविरुद्ध उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, पाठीवर 41. पुढच्या हंगामात 27. मुख्य संघात नाव लागल्यावर 19, आणि जुलै 2025 मध्ये अठरा वर्षं पूर्ण झाली तसा 10. मेस्सीचंही असंच झालं, आधी 30, मग 19, आणि 2008 मध्ये रोनाल्डिन्हो गेल्यावर 10.

1995 च्या आधी उतरणाऱ्या अकरा जणांना 1 ते 11 असेच नंबर असायचे. म्हणून क्रुईफ, ज्याचा 14 नंबर जगात गाजला, तो बार्साकडून 9 नंबर घालून खेळला. 1973-74 मध्ये त्यानं चौदा वर्षांनी लीग जिंकून दिली आणि माद्रिदला त्यांच्याच घरात 5-0 हरवलं, ते 9 नंबरच्या शर्टात. नंबर कुठलाही असता तरी त्यानं तेच केलं असतं. पण तो शर्टाच्या बाबतीत हटवादी होताच. 1974 च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या सगळ्यांच्या बाहीवर आदिदासचे तीन पट्टे आणि याच्या एकट्याच्या बाहीवर दोन, कारण याचा करार पुमाशी.

एक धंद्यातली गोष्ट. विनाइलचे आकडे आम्ही कापून ठेवतो, त्यात 1 आणि 0 नेहमी आधी संपतात. 3 आणि 6 वर्षानुवर्षं पडून असतात. चावीला म्हणजे झावीला 6 होता आणि असा मिडफिल्डर परत होणे नाही, एवढं तरी लक्षात ठेवा आणि एखादा 6 न्या.

प्रश्न : 1992 च्या युरोपियन कप फायनलमध्ये बार्सानं आपल्या संत्र्याच्या रंगाचा शर्ट घातला होता, तो नागपूरच्या मानासाठी का?
– संत्र्याचा आडत्या, कळमना

उत्तर : आडत्यांनी थट्टा केली तर उत्तरही तसंच द्यावं लागतं : हो, आणि पेटी आमच्याकडं अजून पोचलेली नाही.

खरं कारण साधं. समोर इटलीचा सांपदोरिया, त्यांचाही मुख्य रंग निळा. त्या रात्री वेम्बलेत ते पांढऱ्यात खेळले आणि बार्सा संत्र्यात. अतिरिक्त वेळेत रोनाल्ड कोमाननं फ्री किक मारली, 1-0. बार्साचा तो पहिला युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग. पण करंडक घ्यायला पायऱ्या चढायच्या आधी खेळाडूंनी संत्री शर्ट उतरवून निळे-लाल अंगात घातले. त्या पायऱ्यांवरच्या फोटोंत संत्र्याचा शर्ट शोधायला जाल तर फसाल. मी त्या संत्र्या रंगाचे शर्ट दर उन्हाळ्यात थोडे शिवते, आपल्या गावात ते बारा महिने चालतात.

थोडक्यात काही उत्तरं. इतवारीच्या वाचकाला : हो, 1996 मध्ये कॉम्पोस्तेलाविरुद्ध ब्राझीलच्या रोनाल्डोचा शर्ट मागून ओढला तरी तो पडला नाही. शिवण न उसवल्याबद्दल मी काप्पाला मनातल्या मनात सलाम केला होता. मानेवाड्याच्या ताईंना : मेस्सीनं शर्ट काढून माद्रिदच्या प्रेक्षकांपुढं धरला तो दिवस 23 एप्रिल 2017, भरपाई वेळेतला गोल, 3-2, बार्साकडून त्याचा 500 वा. पिवळं कार्ड मिळालं. शर्ट काढून पिवळं कार्ड त्याला 2020 च्या नोव्हेंबरातही मिळालं, पण तेव्हा आतून निघाला तो अर्जेंटिनातल्या नेवेल्स ओल्ड बॉइज क्लबचा 10 नंबर, चारच दिवसांपूर्वी वारलेल्या मॅराडोनासाठी. मला दुसरा जास्त आवडतो. फिगोबद्दल विचारणाऱ्या तिघांना : 2000 मध्ये तो बार्सा सोडून रिअल माद्रिदला गेला, 2002 मध्ये त्यांच्याकडून बार्साच्या मैदानावर खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांतून डुकराचं मुंडकं येऊन पडलं. यापुढं त्या विषयावर मला बोलायचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, रोज मैदानावर जाते. वाढदिवसाला मेस्सीचा शर्ट आणला तर तोंड फुगवलं. म्हणते ‘आयताना’ हवी. ही कोण? आणि दुकानात मिळेल का?
– एक आई, रघुजीनगर

उत्तर : ताई, मुलीचा मेंदू बरोबर जागी आहे. आयताना बोनमाती, बार्साच्या महिला संघाची मिडफिल्डर, नंबर 14. जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा बॅलन डी ओर तिनं 2023, 2024 आणि 2025 असा सलग तीनदा घेतला. त्याआधीची दोन वर्षं, 2021 आणि 2022, तिच्याच संघातली आलेक्सिया पुतेयास, नंबर 11. पाच वर्षं हा मान एकाच क्लबच्या घरात! 2022 च्या एप्रिलमध्ये व्होल्फ्सबुर्गविरुद्धच्या सामन्याला कॅम्प नोउवर 91,648 माणसं आली होती, महिलांच्या सामन्यासाठी. मी तो आकडा कागदावर लिहून दुकानाच्या काचेला चिकटवलाय, कारण ‘बायकांचे सामने कोण बघतं’ हे वाक्य मला आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागतं.

तयार शर्टात तिचं नाव बाजारात सहसा मिळायचं नाही. कोरा शर्ट घ्या, कुठल्याही चांगल्या प्रिंटरकडं पाठीवर नाव आणि 14 टाकून घ्या. कापड सुपर पॉली सांगा, डॉट निट आपल्या उन्हात हलकं पडतं पण काटेरी कुंपणावर लगेच त्याचा दोरा ओढला जातो, आणि मुलगी गोलरक्षक असेल तर कुंपणाशी गाठ पडणारच. माप एक नंबर मोठं घ्या. आयतानाचं आडनाव टाकायचं तर स्पेलिंग कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं की छापणारा आपल्या मनानं एखादं अक्षर वाढवतो. धुताना उलटा करून थंड पाण्यात, ब्रश नाही, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. मे महिन्यात गच्चीवर टाकलात तर आठवड्यात 14 मधला 4 सुटायला लागेल. आणि इस्त्री करायचीच असेल तर छापाच्या बाजूनं मुळीच नाही, उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड ठेवून.